ठेच्यावरचा आळ

दोन वर्षं माझ्या पोटात पीळ पडायचा आणि घरानं आळ घेतला ठेच्यावर. सून म्हणाली, "मामा, आता हिरवी मिरची बंद." सत्तर वर्षं ज्या पोटानं ज्वारीची भाकर आणि ठेचा पचवला, त्याला मुगाची खिचडी! खाल्ली. पीळ काही गेला न्हाई.

शेवटी पोरानं नांदेडला नेलं. डॉक्टरनं घशातून दुर्बीण घालून पाहिलं. आत जखम न्हाई, काही न्हाई. मग विचारलं, "बाबा, कशाचं टेन्शन घेता?"

मला लई राग आला. "टेन्शन घेणारे बाहेर बाकड्यावर बसलेत. मी शेतकरी माणूस हाय."

डॉक्टर पोरसवदा होता, पण चिडला न्हाई. म्हणला, "बरं. दुखतं कधी, तेवढं ध्यानात ठेवा."

मी दुसरी शिकलेला. वही लागत न्हाई मला. तीन महिने पाहिलं. पेरणीच्या घाईत दुखलं न्हाई. जावयाशी कडाक्याचं भांडण झालं, त्या दिवशी तर भाकर जास्तच गेली. दुखायचं ते राशन आणायच्या दिवशी. सकाळपासून आंबट ढेकर, कळा, दोनदा परसाकडं.

राशनच्या दुकानात मशीनवर अंगठा लावावा लागतो. माझ्या अंगठ्याच्या रेघा कुळव धरून धरून कवाच पुसल्या. मशीन नकार द्यायचं आणि माझ्या डोळ्यादेखत मोठा झालेला दुकानदार सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं ओरडायचा, "आबा, हात घासून या! मशीन म्हणतंय हे तुम्ही न्हाईतच!" रांग हसायची. मी हापशावर हात घासून परत यायचो. परत नकार. कुणी अंगठेबहाद्दर म्हणू नये म्हणून मी सही गिरवून गिरवून वळणदार केलेली, आणि इथं अंगठ्यासाठी हसू करून घ्यायचं. उत्तर जिभेवर यायचं. चार माणसांत कशाला, म्हणून परत आत ढकलायचो.

डॉक्टर निम्मा खरा होता. टेन्शन मी घेत नव्हतो, गिळत होतो. आणि गिळलेलं पोटातच जाणार.

पुढच्या महिन्यात राशनच्या दिवशी सुनेला म्हणलं, "ठेचा वाट."

"मामा, दुखंल."

"दुखू दे."

पोटभर खाऊन दुकानात गेलो. अंगठा लावला. नकार.

"आबा, हात घासून या!"

"न्हाई घासणार."

मी अंगठा त्याच्या तोंडासमोर धरला.

"तुझा बाप आणि मी एका शेतात राबलो. रेघा तिथं गेल्या. तुला मी कोण हे मशीननं सांगावं लागतंय का? डोळ्याचं मशीन आलंय म्हणं. ते काढ."

"आबा, ते खोक्यात हाय, कुठं शोधू आता?"

"शोध. मी बसतो." त्याच्या काट्याशेजारी गव्हाच्या पोत्यावर ठाण मांडलं. मागची म्हातारी म्हणाली, "माझाबी अंगठा लागंना बाबा. मीबी बसते." आणि ती दुसऱ्या पोत्यावर बसली.

खोकं लगेच सापडलं. डोळा लावला, मशीननं मुकाट्यानं ओळखलं.

घरी येईस्तोवर पोट चाचपत होतो, खोटं कशाला सांगू. जरा गुरगुरलं. पीळ पडला न्हाई. अजूनही राशनच्या दिवशी सकाळी गुरगुरतं. गुरगुरू दे. दुकानात मी आधी बोलून घेतो, मग ते गप्प होतं.