चोरून खाल्लेली भाकरी

"तोंड उघड."

मॅडम माझ्यापुढं उभ्या होत्या. कॉलेज रोडवर त्यांचं वजन कमी करायचं सेंटर होतं. सोफ्यावर गिऱ्हाइकं बसलेली, सगळ्या बायका. मी काउंटरवरची मुलगी. नुकतंच कॉलेज सोडलेली.

"उघड म्हणते ना. लसणाचा वास येतोय."

मी तोंड उघडलं. बाजारात बैलाचे दात बघतात तसं त्यांनी वाकून बघितलं. मग सोफ्याकडं वळून म्हणाल्या, "खाल्लंय. या लोकांचं असंच. जिभेवर ताबाच नसतो."

बायका हसल्या. मीही हसले. ते माझं हसणं मला अजून टोचतं.

या लोकांचं म्हणजे कुणाचं? मी माळ्याची पोर. शहराच्या कडेला, मखमलाबादला आमचा मेथी-कोथिंबिरीचा, झेंडूचा मळा. नोकरी देतानाच मॅडमनी माझं अंग न्याहाळून ठरवलं होतं, हिला बारीक करायची आणि गिऱ्हाइकांना दाखवायची. सगळ्यांसमोर मला काट्यावर उभं करायच्या. आकडा मोठ्यानं वाचायच्या. दुपारी काकडी आणि उकडलेले मूग. संध्याकाळी दुधीचं पाणी. बस.

पण मॅडमच्या तक्त्यात माझी पहाट नव्हतीच. फुलं तोडायची, जुड्या बांधायच्या, टेम्पोत माल चढवायचा. मग सिटी बसनं उभ्यानं कॉलेज रोड. दुपारच्या काकडीवर एवढं कसं निघणार? थोडे दिवस निभायचं. मग एखाद्या सकाळी निघताना गोठ्यामागं उभं राहून भाकरी आणि लसणाची चटणी घशात कोंबायची. चवसुद्धा कळायची नाही.

आई टोपलं उघडून म्हणायची, "भाकर कमी हाय. मांजर आलं व्हतं का?" आणि माझ्याकडंच बघायची. नोकरी जाऊ नये म्हणून तिनंही माझी भाकरी बंद केली होती.

तिकडं मॅडम माझा डबा हुंगायच्या. इकडं आई टोपलं तपासायची. आणि मी माझ्यावरच पाळत ठेवायचे. स्वतःच्या हाताचा भरवसा उरला नव्हता. वाटायचं, खोट आपल्यातच आहे. रक्तातच.

गंगापूर रोडच्या बंगल्यातल्या एक वहिनी यायच्या. एकदा त्यांचं वजन वाढलेलं निघालं. त्या रडायलाच लागल्या. "मुलांच्या ताटातलं उरलेलं खाते हो. दिवसभर उपाशी असते, मग राहवतच नाही."

मॅडमनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "होतं असं. टेन्शन असतं ना. आपण परत सुरुवातीपासून करू."

मी काउंटरमागं ऐकत होते. भूक तीच. घसरणं तेच. मग त्यांचं ते टेन्शन, आणि माझी ती जात?

त्या दिवसापासून मी संशयानं बघायला लागले. स्वतःकडं नाही, मॅडमकडं. बारीक होऊन गेलेल्या बायका काही महिन्यांनी परत यायच्या. आधीपेक्षा जाड, मान खाली घालून. मॅडमना कधी नवल वाटलं नाही. जणू वाटच बघत असायच्या. उपाशी ठेवलेलं माणूस कधीतरी खाणारच, हे त्यांना ठाऊक नव्हतं? की ठाऊक होतं म्हणूनच सेंटर चालत होतं? पुरावा माझ्याकडं नव्हता. आजही नाही. पण त्या संशयानं मला ताठ उभं केलं.

पुढच्या सोमवारी नव्या बायका आल्या. त्या वहिनीही होत्या. मॅडमनी हाक मारली, "चल गं, चढ काट्यावर."

"नाही चढणार."

"काय?"

"सकाळी भाकरी खाऊन आलेय मॅडम. भूक लागली होती म्हणून. माझ्या घरची भाकरी आहे, चोरीची नाही."

"नोकरी नकोशी झालीय वाटतं."

"तोंड उघडून दाखवायची नोकरी नकोच."

या वेळी कुणी हसलं नाही. वहिनी नुसत्या स्वतःच्या पायांकडं बघत राहिल्या. मी पर्स उचलली आणि जिना उतरले.

घरी आईला सांगितलं. मला वाटलं, जवळ घेईल. ती म्हणाली, "थोडं ऐकून घ्यायचं व्हतं. एवढं काय लय बोलल्या त्या?"

मी उठले. ताट वाढून घेतलं आणि बाहेर ओट्यावर बसले. रस्त्यावरून दिसेल अशी. जेवताना मान आपोआप मागं वळत होती, कोण बघतंय म्हणून. ती सवय अजून गेलेली नाही. वजनही गेलेलं नाही. ते कमी करायचं की नाही, माझं मी बघेन.

पण लपून घास घेणार नाही. आणि माझ्यादेखत कुणी कुणाच्या पोरीचे घास मोजायला लागलं, तर मी गप्प बसणार नाही. मग ती मोजणारी माझी आई का असेना.