आखाजीच्या चार बांगड्या

माझे गाल लाल झाले, हात गरगरीत झाले, तेव्हा आई आणि सासूबाई यांच्यात श्रेयाची लढाई जुंपली. आई म्हणे, हे माझ्या माहेरच्या, कळसाडीच्या तुपाचं तेज. सासूबाई म्हणत, त्यांच्या मेथीच्या लाडवांचं. सकाळी माझी बोटं मिटत नसत, ते मात्र दोघींनाही ऐकू येत नसे.

सातव्या महिन्यात बीपी चढलं, लघवीतून प्रथिनं जायला लागली. शहाद्याच्या डॉक्टरीणबाईंनी मला दाखल करून घेतलं आणि सगळ्यांसमोर सरळ सांगितलं, "दोन आजार आहेत आणि दोन्ही असेच दिसतात. गरोदरपणातला बीपीचा आजार वाढत गेला तर बाळ लगेच बाहेर काढावं लागेल, आणि ते अजून फार लहान आहे. ल्युपसने, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटून, मूत्रपिंडं सुजली असतील तर औषधं देऊन थांबता येईल. पहिला आजार सहसा पाचव्या महिन्याआधी येत नाही. तर सूज कधीपासून आहे?"

मला त्यातलं 'फार लहान' एवढंच ऐकू आलं.

आता श्रेय कुणाला हवं होतं! सासूबाई म्हणाल्या, "हाई सूज तुमना घरनी शे, विहीणबाई." आई कडाडली, "मन्ही पोर मी चांगली धाडेल व्हती!" नर्स बीपी मोजायचं सोडून दोघींकडे बघत राहिली. त्या पाच मिनिटांत माझं बीपी कुठे पोचलं असेल, देव जाणे.

डॉक्टरीणबाईंनी मग मलाच विचारलं. मी आईकडे पाहिलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी बांगड्या भरायला बसले होते. तिसरा महिना होता. नेहमीच्या मापाच्या चार बांगड्या माझ्या हातावर एकामागून एक फुटल्या. पोटुशीच्या हातात बांगडी फुटणं म्हणजे केवढा अपशकुन! 'फुटली' असं म्हणायचंही नसतं, 'वाढवली' म्हणायचं. आईने काचा गोळा केल्या, कासाराच्या मालाला शिव्या घातल्या आणि सासरी कळू देऊ नकोस म्हणून मला स्वतःच्या गळ्याची शपथ घातली. मी एम.ए. झालेली बाई ती शपथ पाळत बसले होते.

आईने पदराने तोंड पुसलं. सासूबाईंकडे न बघता ती म्हणाली, "मन्हाच घर सुजनात तिना हात. आखाजीले. चार बांगड्या फुटन्यात." 'वाढवल्या' म्हणायचंही तिला सुचलं नाही. मला रडू आलं.

बांगड्यांवरून निदान होत नसतं. पण ते ऐकून डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवशी माझं रक्त सुरतेला तपासायला धाडलं. ल्युपसच निघाला. औषधांनी बीपी उतरलं आणि लेक आणखी सात आठवडे पोटात राहिली.

बारशाला सासूबाईंनी कासार बोलावला, अर्थात त्यांचा स्वतःचा. मी हात पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला आणि आईचा हात धरून कासारापुढे ठेवला.

"आधी विहिणीले भर," त्या म्हणाल्या. "तिन्या चार फुटेल शेतस."