तापाचं बियाणं

गुरुवारी संध्याकाळी सव्वासहा वाजता मी माझ्या सुमाच्या कपाळाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. दीड वर्षाची पोर, अंग तव्यासारखं. गोवा राज्य झालं त्या वर्षीची गोष्ट, गणपतीची चवथ तोंडावर आलेली. तेव्हापासून आमच्या कोरगावच्या काजूच्या शेडीत बिया फोडता फोडता डासांचे आणि तापाचे किस्से टरफलांसारखे साठत गेले. बायका हसतात, मीही हसते. पण कान घराकडे असतात.

*

फवारणीवाला चवथीच्या आधी येतो आणि भिंतींवर औषध मारून जातो. वाळलं की पांढरे डाग. आता गणपती यायचा आणि भिंती अशा? त्या वर्षीही वाड्यावरच्या सगळ्या घरांनी लगोलग चुना मारला, मातीच्या भिंती शेणाने सारवल्या. तो पुन्हा बघायला आला तर घरं लख्ख.

"मावशी," तो माझ्या सासूबाईंना म्हणाला, "औषध डासांसाठी होतं. तुम्ही त्याच्यावर पांघरूण घातलं."

"मग गणपतीला काय डागांत बसवू?"

*

रुक्मिणीवयनी आमची शेजारीण, शेडीतही माझ्याच बाजूला बसते. तिच्या अंगणाच्या दगडी गडग्यावर कुणी कोकणीची घोषणा रंगवलेली, तिच्याखाली दुसऱ्या कुणी मराठीची. "यातली तुझी कुठली?" फवारणीवाल्यानं विचारलं.

"डासाला विचार," ती म्हणाली. "तो दोघांनाही चावतो."

*

माझी नणंद शैला तेव्हा म्हापशाला कॉलेजात जायची. मी सातवीपर्यंतच शिकले, म्हणून ती मला समजावून सांगायची. इंग्लंडातला एक साहेब म्हणे जहाजातून खूप फिरला. घरी आल्यावर कबुतरं पाळणाऱ्यांत जाऊन बसायचा. ते जोड्या निवडून निवडून कबुतराची शेपूट बदलत. हा म्हणाला, निसर्गातही निवड होते, फक्त निवडणारा कोणी नसतो. जो तगला, त्याचीच पोरं पुढे. माणूसही असाच झाला, हे ऐकून तिकडचे पाद्री खवळले.

सासूबाईंनी वर बघितलं. वाशाला बियाण्यासाठी राखलेली पिवळी काकडी, आमचं तवशें, टांगलेलं होतं. "मोठं तवशें बियाण्याला, बारकं पोटात. एवढ्यासाठी जहाज कशाला?"

*

आमच्या वाड्यावर विरजण मागितलं तर नाही म्हणायचं नाही. हिवतापाच्या गोळीचंही तसंच. ताप उतरला की गोळ्या थांबवायच्या, उरलेल्या डब्यात. शेजारी कुणी तापलं की वाटी घेऊन येतं. सुमाला पहिल्यांदा दिल्या त्याही अशाच मागून आणलेल्या. ताप गेला, परत आला. मग मी तिला पेडण्याला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर थकलेले दिसत होते. "अर्ध्या गोळ्यांनी तापाचे दुबळे जंतू मरतात. दांडगे उरतात, ते वाढतात. तेच डासातून दुसऱ्याच्या अंगात. या गोळ्या आता लागू पडेनात. दुसऱ्या देतो, त्या सगळ्या संपवायच्या. यांच्यापुढे माझ्याकडे काही नाही."

घरी येऊन मी हे सांगितलं. सासूबाईंनी वाशाच्या तवशाकडे बोट केलं.

"म्हणजे आम्ही तापाचं बियाणं राखलं," त्या म्हणाल्या.

*

नव्या गोळ्यांनी सुमा उठून बसली. पाव मागून खाल्ला. अर्ध्या गोळ्या अजून डब्यात होत्या. मी शेडीत गेले. माझ्या मागे रुक्मिणीवयनी वाटी घेऊन दारात आली.

"सुमाचो ताप गेलो मगो? उरल्यात त्यो गोळ्यो दी. आमचो बाबलो तापलाय."

सासूबाईंनी गोळ्यांचा डबा काढला. वाटीत विरजण घातलं, गोळ्या कागदात बांधून दिल्या. संध्याकाळी मी आले तेव्हा डबा घासून पालथा घातलेला होता आणि सुमा अंगणात खेळत होती.

मी तिला उचललं. सव्वासहाच वाजले असतील. अंग पुन्हा तव्यासारखं.

तुमच्या वाड्यावर एवढं सांगा: विरजण द्या, गोळी देऊ नका.