आठ आण्यांचा रिकामा खण

माझ्याकडे एक पेटी आहे. आत मखमल, मखमलीत सात खण, आणि नाणी सहाच. देश प्रजासत्ताक झाला तेव्हा टांकसाळीनं पाडलेल्या पहिल्या नाण्यांचा हा खास संच, रुपयापासून पैशापर्यंत. बाजारात चालवायला नाही, जपून ठेवायला पाडलेला, म्हणून एकेक नाणं आरशासारखं. फक्त रुपया तेवढा काळवंडलेला, त्यावर हळदीचा डाग. आणि आठ आण्यांचा खण रिकामा. नाणी जमवणारे लोक येतात, पेटी उघडतात आणि हळहळतात. "संच मोडका आहे हो, ताई." एकानं तर रुपया घासून चकचकीत करून देतो म्हटलं. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

बाबा सौंसरच्या तहसील कचेरीत कारकून होते. पांढुर्ण्याचा एक संत्र्यांचा व्यापारी मुंबईला माल पाठवायचा, त्याच्या माणसाकरवी त्यांनी हा संच मागवला. तो येईपर्यंत दर आठवड्याला पांढुर्ण्याला चकरा. आला तेव्हा मोटारीत मांडीवर घेऊन बसले, आणि खाली उतरताना टोपी विसरले. घरी आल्यावर आम्हाला ताकीद मिळाली की हात लावायचा नाही. ते स्वतः कडेनं धरायचे, बोटाचा ठसा उमटू द्यायचे नाहीत. मांजर पिल्लं हलवते तशी ती पेटी घरभर हलवायचे, आज कपाटात, उद्या धान्याच्या कोठीमागे. आई म्हणायची, "माही सवत आणली ह्यांनी मुंबईहून."

मग नव्या घराचं काम निघालं. भाड्याच्या घरासमोरच जागा घेतली होती. पैसे निम्मे मोठ्या बाबांनी घातले. मोठे बाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, बोरगावला संत्र्याची बाग करायचे. आमच्याकडे चौकट बसवताना तिच्या पायाशी हळदकुंकू लावून रुपया पुरतात. त्या दिवशी बाबा नारळ आणायला बाजारात गेले होते, आणि मिस्त्री घाई करून राहिला होता.

आता इथं एक सांगायला हवं. आई भासऱ्यांशी, म्हणजे मोठ्या बाबांशी, थेट बोलत नसे. तशी रीतच होती. डोक्यावर पदर, आणि बोलणं माझ्या तोंडून. दोघं चार हातांवर उभी, दोघांना सगळं लख्ख ऐकू येतं, तरी मधे मी पोपट. मला भारी राग यायचा त्याचा.

मोठे बाबा म्हणाले, "पोरी, बापाची ते पेटी आण."

मी आणली. आईच्या हातातलं ताम्हण खणकन वाजलं. त्यात तिनं साधा रुपया तयार ठेवला होता. ती मला म्हणाली, "मोठ्या बाबाले सांग, पेटीतला नको."

मी सांगितलं.

"आईले सांग, घराले चांगलंच द्या लागते."

तेही सांगितलं. आईचा चेहरा लालबुंद झाला. पेटीतला रुपया गेला खाली, वर चुना, वर चौकट. बाबा नारळ घेऊन आले तेव्हा मिस्त्री ओळंबा लावून पाहत होता. बाबांनी उघडी पेटी पाहिली, रिकामा खण पाहिला, मग थोरल्या भावाकडे पाहिलं. नारळ इतक्या जोरात आपटला की पाणी मिस्त्रीच्या अंगावर उडालं.

त्या दिवसापासून आमच्या घरात कोणाच्या जिवाला चैन नाही. बाबा उगाच त्या चौकटीतून आत-बाहेर करायचे. भिंती उभ्या राहिल्या, कौलं चढली, आम्ही राहायला आलो, तरी जेवताना त्यांची नजर दाराच्या पायाशी. आई म्हणायची, "काढालगिढाल बरं! चौकटीखालचं काढलं तं घर बसते." माझाही जीव वरखाली. शाळेतून येताना आधी दार पाहायची, शाबूत आहे ना.

त्यात राज्यांची मोडतोड सुरू झाली. नागपूर मुंबई राज्यात जाणार, आपण मध्य प्रदेशातच राहणार, आणि राजधानी भोपाळला. पानठेल्यावर तीच गोष्ट, विहिरीवर तीच. कचेरीतल्या लोकांना विचारून राहिले होते, इकडं राहता की तिकडं जाता. बाबांचे सगळे सोबती नागपूरचं म्हणत होते. बाबा घरात येरझारा घालत. धरलं तर चावते, सोडलं तर पळते, अशी गत. एक दिवस म्हणायचे जाऊ, दुसऱ्या दिवशी रुपया इथं टाकून कसं जाऊ. आई वैतागून म्हणाली, "लेकरांचं नाई, रुपयाचं पाहून राहिले हे!"

शेवटी त्यांनी नागपूर लिहून दिलं. मोठ्या बाबांना कळलं तसं त्यांनी येणं सोडलं. बाजाराच्या दिवशी दारावरून त्यांची बैलबंडी जायची, थांबायची नाही. बाबा ओट्यावर उभे राहून ती वळेपर्यंत बघायचे.

सामान बांधून झालं आणि एका सकाळी मोठे बाबा पायी आले, खांद्यावर पहार. चौकटीच्या पायाशी बसले आणि खणायला लागले. आई आतून धावत आली, पण दाराशीच थबकली. चुन्याचं ढेकूळ निघालं, ते फोडलं, आणि त्यातून तो रुपया. काळा पडलेला, हळद चिकटलेली.

"घे," मोठे बाबा म्हणाले. "अन् जा आता."

बाबांनी तो कडेनंच धरून घेतला.

"लहान्या, मी मुद्दाम घातला होता तो. नागपूरचं तुह्या मनात केव्हापासून हाये, मले काय दिसत नव्हतं? म्हटलं, याचा जीव या रुपयात हाये. रुपया इथं तं माणूस इथं." मग धोतराच्या सोग्यानं त्यांनी तोंड पुसलं. "गाय बांधतात बे खुट्याले. भाऊ नाई बांधत. चुकलंच माहं."

कडेनं नाणं धरणाऱ्या बाबांनी तो रुपया मुठीत घट्ट आवळला. एवढा मोठा माणूस, कचेरीतला, चाळशीवाला, भावाच्या शेजारी मातीत बसला आणि रडला. मला कुठं बघावं कळेना. दाराच्या पायाशी तो खड्डा तसाच उघडा, आणि दोघांपैकी कोणी तो बुजवायला हात लावेना.

तेव्हा आई पुढं झाली. बांधलेल्या ट्रंकेतून तिनं पेटी काढली, रुपयाच्या शेजारचं आठ आण्यांचं नाणं उचललं, त्याला हळदकुंकू लावलं आणि स्वतःच्या हातानं खड्ड्यात ठेवलं. बाबांनी तिला अडवलं नाही. मग डोक्यावरचा पदर नीट करून ती थेट मोठ्या बाबांकडे वळली. लग्नानंतर पहिल्यांदा.

"भाऊजी, घर आमचं इथंच हाये. आमी येऊ."

मोठे बाबा गडबडले. त्यांनी मान खाली घातली, तिच्याकडं बघितलं नाही. रीत ती रीत. माती ओढता ओढता मला म्हणाले, "पोरी, आईले सांग, मी वाट पाहून राहिलो."

आई समोरच उभी होती. तरी मी तिला सांगितलं.