चकलीची कात

माझ्या फजित्या तुम्ही ऐकल्या असतील. नसतील तर आमच्या सोसायटीत कुणालाही विचारा. मेहुणीच्या लग्नाला म्हणून गेलो आणि शेजारच्या कार्यालयात जेवून, आहेर देऊन आलो, ती. कंपनीत नव्या साहेबाला ड्रायव्हर समजून गाडी बाजूला घ्यायला सांगितली, ती. सगळ्या मीच सांगतो, मीच रंगवतो. ही एक मात्र आजवर कुणापुढे काढलेली नाही. हिच्यातही लोक हसले होते — पोट धरून हसले होते — म्हणूनच बहुधा.

कुठून सुरू करू? सापापासूनच करतो.

शर्वरी माझी एकुलती लेक; तिची आई गेली, त्यानंतरच्या वर्षी पोरीनं बॉल पायथन आणला. आफ्रिकेतला छोटा अजगर — बिनविषारी, लाजाळू, घाबरला की अंगाचं वेटोळं करून तोंड आत लपवणारा. मी विरोध केला. म्हणजे खुर्चीवर उभा राहून केला. शर्वरीनं त्या वेटोळ्याकडे बघून नाव ठेवलं चकली. सरकारी नोंदणीसुद्धा रीतसर केली. कागद पक्के होते, हे लक्षात ठेवा. पुढे लागेल.

मग तिला बंगळूरला नोकरी लागली, आणि चाकणच्या कंपनीत क्वालिटी खात्यात मान मोडून काम करणारा मी घरी येऊन सापाची आई झालो. पुढं काच असलेली लाकडी पेटी, तळाला नारळाचा भुसा, एका टोकाला गरम होणारं पॅड, दुसरं टोक गार, दोन्हीकडे लपायला खोपटं. आइस्क्रीमच्या डब्यात गोठवलेले उंदीर. (माझ्या मावसभावानं तो डबा उघडला होता. तो अजून आमच्याकडे गोड खात नाही.) शर्वरी फोनवरून सांगायची, मी करायचो. कात टाकायची वेळ आली की चकलीचं अंग मळकट व्हायचं, डोळे निळसर दुधी — मोतीबिंदू झालेल्या म्हातारीसारखे. तेव्हा खायला घालायचं नाही, हाताळायचं नाही, फक्त ओलावा राखायचा. हवा कोरडी असली तर कात तुकड्यातुकड्यानं निघते, डोळ्यांवर चिकटून राहते. मी लग्नातली गुलाबदाणी काढली आणि तिनं रोज पाणी शिंपडू लागलो. नवरदेवाच्या वरातीवरही एवढं कुणी शिंपडत नाही.

आणि सांगू का? मला ते आवडायला लागलं होतं. इतर दिवशी चकली मनगटाला विळखा घालून बसायची. घट्ट नाही — नुसती धरून. घरात दुसरं कोण होतं मला धरायला?

तो दिवस गुरुवार. आमच्या पट्ट्यात गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, आणि दुरुस्तीच्या नावाखाली वीज गायब. पॅड गार पडलं, म्हणून मी गरम पाण्याची पिशवी भरून पेटीत ठेवायला गेलो. बघतो तर कात पडलेली! नाकापासून शेपटीपर्यंत अखंड, उलटा काढलेला पायमोजा जसा. मला इतका आनंद झाला की ती दोन्ही हातांवर घेऊन मी खिडकीशी गेलो, उजेडात बघत बसलो. पेटीची कडी लावायची राहिली. न्हाणीघराची खिडकी उघडी, आमचा फ्लॅट तळमजल्याला.

संध्याकाळी पार्किंगमध्ये आरडाओरडा झाला. "घोणस! घोणस हाय!" नुकत्याच आलेल्या एका स्कूटरच्या कोमट इंजिनाला बिलगून चकली बसली होती. ऊब शोधत गेली होती बिचारी. वॉचमन काठी घेऊन आला होता, पण कुणीतरी आधीच सर्पमित्राला फोन केला होता. तो आला, वाकला आणि हसला.

"घोणस न्हाई राव. ह्यो पाळलेला हाय. कुणाचा हाय, भाऊ?"

मी तीन पावलांवर उभा होतो. बोलायचे ते दोनच शब्द. माझी आहे.

पण मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. लिफ्टमध्ये कुत्रं आणू नये, पाळीव प्राण्याची माहिती कमिटीला द्यावी — ती नोटीस माझ्या सहीची. घरातल्या पेटीला मी वर्षभर माशांची टाकी म्हणत होतो. आणि सगळे माझ्याकडेच बघत होते, सवयीनं — आता हा काहीतरी बोलणार म्हणून. मी बोललो.

"अहो, सापाचा मालक इथं कशाला थांबेल? तो बसला असेल घरात पलंगाखाली, सापाला घाबरून!"

काय हशा पिकला! काठीवाला वॉचमनसुद्धा हसला. सर्पमित्र हसला नाही. चकली त्याच्या मनगटाला विळखा घालून बसली होती — तशीच, नुसती धरून.

"कुणाचा नसंल तर वनखात्याकडं द्यावा लागंल," तो म्हणाला. "बघा बरं, एकदा इचारून."

"आमच्या सोसायटीत असलं काही नाही," मी म्हणालो. "मी सेक्रेटरी, मला माहीत नसेल का?"

त्यानं तिला कापडी पिशवीत सोडलं, गाठ मारली, गाडीला किक मारली. साप माणूस ओळखत नाही, असं शर्वरी एकदा म्हणाली होती. मी त्याच एका वाक्याला धरून घरात आलो.

इथपर्यंतचं भित्रेपण झालं. खरं पुढे आहे.

शर्वरीचा फोन आला — कात निघाली का? पळाली म्हणालो असतो तर ती पहिल्या बसनं आली असती, दारोदार विचारलं असतं, कागद दाखवून चकलीला परत आणलं असतं. आणि तो विनोद कुणी केला, हे तिला कळलं असतं. म्हणून मी म्हणालो, नीट निघाली नाही गं. अडकली. गेली चकली.

मग म्हणाली, "बाबा, तुझी चूक नाही. ओलावा किती ठेवायचा ते मीच नीट सांगितलं नाही."

तेव्हा तरी बोलायचं ना? नाही बोललो. वर, कुठं पुरलंस म्हणून विचारलं तिनं, तर मागच्या शेवग्याखाली, हेही सांगून मोकळा झालो.

आता ती येते, तेव्हा सकाळचा चहा घेऊन शेवग्याखाली जाऊन उभी राहते. खाली माती आहे आणि ड्रेनेजचा पाइप. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघतो. परवा शेजारच्या काकू तिला मांजराचं पिल्लू देत होत्या. "नको काकू," म्हणाली, "माझ्या हातून जनावर जगत नाही." हसून म्हणाली. हसण्यावारी नेणं माझ्याकडूनच शिकलीय.

तो पलंगाखालचा विनोद सोसायटीत अजून चालतो. गणपतीत कुणीतरी काढतंच. मीही हसतो.

गुरुवारी वीज गेली की अजून गरम पाण्याची पिशवी भरतो. पेटी रिकामी, म्हणून मनगटावर धरून बसतो. गार होईपर्यंत.

कात माझ्या कपाटात आहे, लग्नातल्या शालीच्या घडीत. कधीमधी दार लावून उजेडात धरतो. कुठं फाटलेली नाही. डोळ्यांच्या जागी दोन गोल टिकल्या आहेत, पारदर्शक, दोन्ही शाबूत. ओलावा बरोबर होता. पोरीनं सांगितलेलं सगळं बरोबर होतं.