गाळलेली ओळ

वसंता गेल्याचं मला पेपरातून कळलं. ‘राजकीय तत्त्वज्ञानाचे व्यासंगी प्राध्यापक’ असा मथळा, खाली चष्म्यातला फोटो. भिसेगावात त्याच्या नि आमच्या घरात एका विहिरीचं अंतर, तरी कळवायला कोणी आलं नाही. बरोबरच आहे म्हणा, मीही दहा वर्षं त्याच्याशी बोललो नव्हतो.

शेत त्यांचं, कसायचो आम्ही. गावात कुणाचं पत्र आलं, नोटीस आली की वसंताला बोलवायचे. शिकलेला मुलगा, वाचून दाखवायचा. माझ्या बाला त्याचं भारी कौतुक. कुळकायदा आला, कसणाऱ्याच्या नावावर जमीन व्हायची वेळ आली, तेव्हा वसंता एम.ए. करत होता. त्याच्या वडिलांनी एक कागद पुढे केला आणि आमच्या ओट्यावर बसून वसंताने तो बाला वाचून दाखवला. सर्व्हे नंबर, हद्दी, शेजारी, सगळं खणखणीत. बा म्हणाला, ‘‘वसंतराव, तुमी वाचलं म्हंजे झालं. कुठं लावू अंगठा?’’

पुढे कचेरीतून त्या कागदाची नक्कल काढली. शेवटी एक ओळ होती... जमीन मी राजीखुशीने मालकास परत करीत आहे. ती वसंताने वाचलीच नव्हती. बा साजगावच्या कारखान्यात पहारेकरी झाला. लावणीच्या दिवसांत तो कुणाशी बोलत नसे.

आणि वसंताने मुंबईत जन्मभर शिकवलं काय, लिहिलं कशावर, तर संमतीवर! आपण काय कबूल करतोय हे माणसाला ठाऊक नसेल, तर त्याच्या होकाराला अर्थ नाही, म्हणे. विद्यार्थी त्याला डोक्यावर घेऊन नाचायचे. ते पुस्तक त्याने मलाच सही करून दिलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

कोरडाही नव्हता मेला, हीच तर माझी चीड. गावी आला की आमच्या त्या शेताच्या बांधावरून कधी जायचा नाही, ओढ्याकडून वळसा घालायचा. एकदा तिथेच गाठून विचारलं, ‘‘ती ओळ का गाळलीस रं?’’

त्याने चष्मा पुसला. मग म्हणाला, ‘‘वाचली असती तर तुझ्या बाने अंगठा दिला नसता.’’

वर्गात बोलावं तसं, स्वच्छ. तेच आमचं शेवटचं बोलणं.

परवा त्याचा मुलगा आला, तोही ओढ्याकडून. बाबांबरोबर तीच वाट पायाखालची, म्हणाला. पेपरच्या पुरवणीसाठी बालमित्राचे चार शब्द हवे होते. त्याचं मराठी कच्चं, म्हणून लिहिलेलं वाचून दाखवा म्हणाला. त्याच ओट्यावर बसून मी त्याला वरचं सगळं वाचून दाखवलं. एकही ओळ गाळली नाही.