आपापला पेला, फुकटचं इंटरनेट

फुकट या शब्दाला आमच्या मराठी मंडळात जितका मान आहे तितका गणपतीलाही नाही. आरतीला माणसं हाका मारून गोळा करावी लागतात. महाप्रसाद आहे म्हटलं की जबलपुरातल्या गढा भागापासून विजय नगरपर्यंतचे सगळे मराठी लोक हाका न मारताच पोचतात. म्हणून एका इंटरनेट कंपनीने मंडळाच्या गच्चीवर खांब उभारून आमच्या अख्ख्या कॉलनीला फुकट इंटरनेट द्यायचं ठरवलं, तेव्हा सचिवांनी त्या खांबाला हार घातला. नारळही फोडला. इंटरनेटला नारळ फोडणारं मंडळ दुसरं असेल असं मला वाटत नाही.

मी टेलिफोन खात्यातला. वडील विदर्भातून नोकरीसाठी इथे आले, मग राज्यं नव्याने आखली गेली, नागपूर तिकडे गेलं आणि आम्ही जबलपूरला राहिलो ते राहिलोच. मी आयुष्यभर एक्स्चेंज सांभाळलं आणि तिथे एकच गोष्ट पक्की शिकलो. लाइनने विचारायचं नसतं की बोलणारा कोण आहे. कलेक्टरचा फोन असो की कमानिया गेटजवळच्या बांगडीवाल्याचा, नंबर फिरवला की पलीकडे घंटी वाजली पाहिजे. कोणाची वाजू द्यायची हे मी ठरवायला लागलो असतो तर लोकांनी मला एक्स्चेंजमधून ओढून बाहेर काढलं असतं, आणि बरोबरच केलं असतं.

ही कंपनी नेमकं तेच करत होती. फुकट काय, तर कंपनीने निवडलेल्या मोजक्या साइट. तिचं स्वतःचं दुकान, तिचे सिनेमे, तिच्या बातम्या आणि तिच्याशी ज्यांचं साटंलोटं झालं होतं ते चार-दोन जण. बाकी काही उघडायला गेलं की पडद्यावर पिवळी पाटी यायची, ‘यह सेवा इस योजना में उपलब्ध नहीं है।’ बरं, आधी जो केबलवाला सगळं इंटरनेट द्यायचा, त्याची गिऱ्हाइकं दोन महिन्यांत पळाली आणि त्याने कॉलनीतून आपल्या तारा गुंडाळल्या. आता उरली ती पिवळी पाटी. लोकांना त्याचं काही वाटलं नाही. सिनेमे दिसत होते ना!

वाटलं ते एकाच बाईला. आमच्या गल्लीच्या टोकाला ती राहते. शाळेतली नोकरी सोडून तिने घरच्या घरी मराठीचा वर्ग काढला होता. इकडच्या पोरांना मराठी समजते, पण तोंड उघडलं की हिंदी बाहेर येते. स्वतःच्या आजीला ‘दादी, आप बैठो ना’ म्हणणारी ही पोरं! तिने एक छोटी वेबसाइट बनवली होती. त्यात तिच्याच आवाजात शब्द, गोष्टी आणि स्वयंपाकघरातली, बाजारातली बोलणी. पोरांनी रोज ऐकायचं, मागून म्हणायचं आणि रविवारी तिच्या ओसरीवर येऊन बोलून दाखवायचं. तीन वर्षं राबून तिने ते उभं केलं होतं. गढ्यातली पोरंसुद्धा यायची.

एक दिवस ती फोन हातात घेऊन आमच्या दारात उभी राहिली. पडद्यावर पिवळी पाटी.

“काका, माझी शाळा उघडून नाही राहिली कोणाकडे. पोरांच्या आया म्हणतात, दुसरं कनेक्शन काहून घ्यायचं? फुकट आहे ना एक. दोन रविवार झाले, निम्मी पोरं येऊन नाही राहिली.”

“कंपनीला फोन केला?”

“केला. म्हणाले, आमच्या यादीत यायचं असेल तर मोठ्या ऑफिसला अर्ज करा. मी कुठली मोठी ऑफिसं गाठू, काका?”

मी छाती पुढे काढून म्हणालो, “तू काही गाठू नको. हे माझं काम आहे. तुझी शाळा उघडवून देतो.” माझी बायको आतून बघत होती. ती हसून पुन्हा पोळ्या लाटायला वळली, तेव्हाच मला समजायला पाहिजे होतं.

मग आम्ही तिघं तज्ज्ञ एकत्र आलो. मी एक. दुसरा माझा मित्र, डिफेन्स फॅक्टरीत इलेक्ट्रॉनिक्सचा विभाग सांभाळलेला. तिसरा इंजिनिअरिंग कॉलेजातला मास्तर. तेव्हा देशभर अशा तांत्रिक लोकांनी आवाज उठवला होता की इंटरनेट सगळ्यांसाठी सारखं आणि खुलं राहिलं पाहिजे, दारावर कोणी चौकीदार नको. दिल्लीने लोकांची मतं मागवली होती आणि आमच्या भागातलं म्हणणं ऐकायला एक अधिकारी भोपाळहून मंडळाच्या सभागृहात येणार होता. आम्ही ठरवलं, त्याच्यासमोर बोलायचं.

आमच्या तयारीची काय शोभा सांगू! मास्तराने इंग्रजीत चाळीस पानांचं निवेदन लिहिलं. ते त्याच्या बायकोलाही कळलं नसतं आणि तीसुद्धा इंजिनिअर आहे. फॅक्टरीवाल्या मित्राला प्रत्येक वाक्यात तीन-तीन अक्षरांची लघुरूपं घातल्याशिवाय चैन पडत नसे. शेजारणीने त्याला विचारलं, “भाऊजी, फुकट मिळून राहिलं त्यात वाईट काय?” तर त्याने तिला अर्धा तास प्रोटोकॉल समजावला. ती बिचारी गॅसवर दूध ठेवून आली होती.

मी त्या दोघांना हसायचो. मला वाटायचं, लोकांच्या भाषेत बोलणारा मी एकटा. घरोघर जाऊन ओरडायचो, “अरे, फोनमध्ये ‘मी सहमत आहे’ असं येतं, तुम्ही डोळे झाकून बोट दाबता! काय लिहिलंय ते कधी वाचता का? मेंढरं आहात मेंढरं!” लोक हसायचे, चहा पाजायचे आणि मी गेल्यावर सिनेमा लावायचे. मला त्यांचा भयंकर तिटकारा यायचा.

आता आमच्या मंडळाच्या सूचना वहीबद्दल सांगायला पाहिजे. फोन आले, व्हॉट्सअ‍ॅप आलं, पण मंडळाची सूचना अजून वहीतच येते. लाल कापडी बांधणीची लांब वही. सचिव त्यात सूचना लिहितात, खाली घरक्रमाने सगळ्यांची नावं असतात आणि मंडळाचा म्हातारा शिपाई ती वही सायकलवर घेऊन दारोदार फिरतो. आपण आपल्या नावापुढे सही करायची. सही म्हणजे सूचना पाहिली. वाचली असं नाही, पाहिली! जन्मात कोणी ती वही वाचलेली मला माहीत नाही. शिपाई फाटकाशी उभा असतो, उन्हात असतो, त्याला पुढची घरं असतात. माणूस वरची ओळ बघतो, ‘अमुक दिवशी अमुक कार्यक्रम’, सही ठोकतो आणि शिपायाला म्हणतो, “चलो भैया, हो गया.” माझं घर कॉलनीत पहिलं, त्यामुळे वही सगळ्यात आधी माझ्याकडे येते.

सभेच्या आधीच्या आठवड्यात वही आली होती. कोजागरीची सूचना. ‘मसाला दुधाचा कार्यक्रम मंडळाच्या गच्चीवर होईल. येताना आपापला पेला आणावा.’ मी अर्धी दाढी करून बाहेर आलो होतो, गालाला साबण, डोक्यात सभेतलं भाषण. पेल्यापर्यंत वाचलं, सही केली. शिपायाला म्हणालोसुद्धा, “पेला मोठा आणतो म्हणावं.” तो हसला आणि पुढच्या फाटकाकडे गेला.

सभेला सभागृह गच्च भरलं. कारण कंपनीने समोसे ठेवले होते. मास्तर बोलला, लोक समोसे खात होते. फॅक्टरीवाला मित्र बोलला, लोक चटणी मागत होते. मग मी उठलो. एक्स्चेंजची गोष्ट सांगितली, बांगडीवाल्याची घंटी सांगितली. त्या बाईच्या शाळेचं सांगितलं. ती तिसऱ्या रांगेत बसली होती, पदराचं टोक मुठीत धरून. पहिल्यांदा सभागृहात समोसे खायचे थांबले. भोपाळचा अधिकारी लिहून घ्यायला लागला. मला वाटलं, जमलं! मी जोरात म्हणालो, “साहेब, हमारी कॉलोनी में किसी ने इस योजना को हाँ नहीं कहा है. किसी ने पूछा ही नहीं.”

कंपनीचा माणूस उठला. गुळगुळीत चेहरा, इस्त्रीचा सदरा. “सर, पूछा तो था,” म्हणाला आणि त्याने झेरॉक्सचे कागद अधिकाऱ्यासमोर ठेवले. “पूरी कॉलोनी का लिखित समर्थन है. मंडल के ज़रिये.”

अधिकाऱ्याने कागद पाहिले, मग माझं नाव विचारलं. मी सांगितलं. त्याने बोट ठेवलं. “पहला दस्तख़त तो आप ही का है.”

कागद माझ्या हातात आला. कोजागरीची सूचना. पेल्याची ओळ. आणि त्याखाली हिंदीत छापून चिकटवलेला एक मजकूर, की खाली सही करणारे सर्व सभासद या मोफत योजनेचं समर्थन करतात आणि ती आहे तशीच चालू राहावी अशी विनंती करतात. मग नावं. सगळ्यात वर माझं. पुढे माझी ऐटबाज सही, खाली दोन रेघा मारलेली.

मी सचिवांकडे वळलो. “हे काय आहे हो?”

सचिव अगदी भाबडेपणाने म्हणाले, “अहो, या कंपनीवाल्यांनी सांगितलं, एका पानात दोन्ही कामं होतात. वेगळी वही फिरवायला शिपायाला त्रास काहून द्यायचा? आणि तुम्ही पहिली सही केली, मला वाटलं तुमचं मन बदललं.”

“मी वाचलं नव्हतं!”

हे मी ओरडून म्हणालो. भर सभेत. ज्या माणसाने सबंध कॉलनीला मेंढरं म्हटलं होतं तो माणूस. आधी एकजण हसला, मग सगळं सभागृह खो खो हसलं. मास्तर छताकडे बघायला लागला. मी अधिकाऱ्याला म्हणालो, माझी सही काढा. तो सभ्यपणे म्हणाला, “लिखकर दे दीजिए, साथ में लगा देंगे.” मी लिहून दिलं. चार ओळी. त्या चार ओळी एका बाजूला आणि सह्यांनी भरलेलं पान दुसऱ्या बाजूला.

बाहेर पायऱ्यांवर ती बाई थांबली होती. मी म्हणालो, “पोरी, चूक झाली. पण माझी एक सही गेली तर काय, बाकी लोकांनी तरी वाचायला पाहिजे होतं. गाढव लेकाचे!” अजून माझा माज उतरला नव्हता.

ती म्हणाली, “काका, माझीपण सही आहे त्यात. सोळा नंबरला.”

“तुझी? तू काहून केली?”

“मी वाचून राहिले होते खालचं. हिंदी छापील पाहून थांबले. मग वर पाहिलं तर तुमची सही. म्हटलं, काकांनी केली म्हणजे काही वाईट नसेल. त्यांना यातलं कळते.”

एवढं बोलून ती गेली. रागावली असती तर बरं झालं असतं.

पुढे दिल्लीने आमच्यासारख्या लोकांच्या बाजूने निर्णय दिला. देशभरच्या शहाण्या माणसांनी आवाज लावून धरला होता, माझ्यासारख्यांच्या भरवशावर ते राहिले नव्हते हे देशाचं नशीब. कंपनीने खांब काढून नेला, सचिवांचा वाळलेला हार त्याच्यावर तसाच होता. पण तोवर हिवाळा सरून गेला होता. तिच्या ओसरीवर रविवारी तीन पोरं यायची, मग एक, मग कोणीच नाही. तिने साइट बंद केली आणि कमानिया गेटजवळच्या एका दुकानात हिशेब लिहायला लागली. इंटरनेट खुलं झालं. तिची शाळा बंदच राहिली.

मंडळाची कमाल बघा. खुल्या इंटरनेटसाठी लढल्याबद्दल आम्हा तिघांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचं ठरलं. ज्यांनी खांबाला नारळ फोडला तेच मला नारळ देणार! सत्काराची सूचना वहीत निघाली. मी शिपायाला आधीच बजावून ठेवलं होतं, आता वही उलटी फिरव, माझं घर शेवटी घे. माझी सही पाहून कोणी सही करायला नको.

वही आली तेव्हा सगळ्यांच्या सह्या झालेल्या होत्या. सोळा नंबर मात्र रिकामा.

“यांनी सही नाही केली?” मी विचारलं.

म्हातारा फाटकाशी सायकल टेकवून म्हणाला, “दीदी म्हणाल्या, आधी काकांनी वाचली का विचारून या. मग करते.”

मी त्याला सावलीत बसवलं, घरातून चष्मा आणला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो.